पोटातला व्हिडिओ कुणाचा?

अम्मीचं पित्ताशय काढलं तेव्हा डॉक्टरांनी आमच्या हातात प्लास्टिकची एक डबी दिली. आत खडे होते, लहान-मोठे मिळून १७. अम्मीनं घरी आल्यावर ते मोजले, धुतले आणि कपाटात ठेवले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती डबी अजून दाखवते. ऑपरेशन दुर्बिणीतून झालं होतं. ते सगळं पडद्यावर दिसतं आणि रेकॉर्डही होतं, हे डॉक्टरांनीच सांगितलं. "तुमच्या आईची नळी जरा वेगळ्या ठिकाणी होती, हा व्हिडिओ मी जपून ठेवणार, मुलांना शिकवायला कामी येईल," असं ते कौतुकानं म्हणाले. मलाही ते ऐकून बरं वाटलं. मी स्वतः शिक्षिका आहे, शिकवायला कामी येणारी वस्तू म्हटली की मला आनंदच होतो.

अम्मीला हे रात्री सांगितलं, तर ती उठून बसली. "मेरे पेट का पिच्चर? कौन कौन देखे?" मी समजावलं की त्यात तोंड दिसत नाही, फक्त आतलं दिसतं. ती म्हणाली, आतलं तर मीपण नाही पाहिलं.

तीन महिन्यांनी पोटात पुन्हा कळा सुरू झाल्या. शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, ऑपरेशनचा व्हिडिओ असेल तर आणा, नळी वेगळी होती म्हणता तर एकदा बघून घेतो. मी पहिल्या दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या मुलानं आधी सांगितलं की रेकॉर्डिंग दवाखान्याची मालमत्ता असते, पेशंटला देत नाही. मी जरा आवाज चढवला तेव्हा म्हणाला की तीस दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं. जपून ठेवलेला व्हिडिओ पुसला कसा गेला, हे विचारायला डॉक्टर भेटले नाहीत. अम्मीनं सही केलेल्या फॉर्मची प्रत मात्र मिळाली. सगळा इंग्रजीत. खालून चौथ्या ओळीत लिहिलं होतं की शिक्षण आणि संशोधनासाठी चित्रण करायला रुग्णाची संमती आहे. ते चित्रण कुणाकडे राहील, कुणाला दिलं जाईल, रुग्णाला मिळेल का, याबद्दल एक शब्द नव्हता.

खडे आमचे, व्हिडिओ त्यांचा. हा हिशोब कधी आणि कुणी ठरवला, या प्रश्नानं मी या सुट्टीत बरंच वाचलं.

उर्दूत सर्जनला जर्राह म्हणतात. जर्राहांच्या इतिहासात पहिलं नाव घ्यायचं ते कोर्डोबाजवळच्या अल-जहरावीचं. हजार वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्या 'अल-तसरीफ' या ३० भागांच्या ग्रंथातला शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे आणि त्यात सुमारे २०० हत्यारांची चित्रं आहेत. चाकू, चिमटे, करवती, डाग देण्याच्या सळ्या. बाराव्या शतकात त्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि पुढे कित्येक पिढ्या युरोपातले वैद्य त्यावर शिकले. मालकीचा प्रश्न तिथे आलाच नाही, कारण चित्रात हत्यार होतं, माणूस नव्हता. माणूस आला तो १४६५ साली. अनातोलियातल्या अमास्या गावच्या शरफुद्दीन साबुनजूओग्लू यानं तुर्कीत शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहून सुलतान दुसरा मेहमद याला अर्पण केलं. मजकूर बराचसा जहरावीचा, पण याच्या चित्रांत जर्राह आहे, त्याच्यासमोर झोपलेला रुग्ण आहे, कुठे बाई रुग्ण आणि तिच्यावर उपचार करणारी बाईच आहे. मात्र ते चेहरे ठोकळेवजा आहेत. हा अमुक, ती तमुक, असं त्यात कुणी ओळखू येणार नाही.

ओळखू येणारा पहिला माणूस आपल्याकडचा आहे, पुण्याचा. ही गोष्ट प्लास्टिक सर्जरीच्या प्रत्येक इतिहासात असते, पण मी ती वेगळ्या कारणासाठी सांगते आहे. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये 'बी. एल.' अशा सहीचं एक पत्र छापलं गेलं. कावसजी नावाचा मराठा शेतकरी जातीचा माणूस इंग्रजी फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. साधारण वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, वीटभट्टीचं काम करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. (टिपूचं नाव आलं की आजकाल लगेच दोन तट पडतात. पत्र शत्रूच्या छावणीतलं आहे हे खरं, पण म्हणून ते खोटं मानायला माझ्याकडे कारण नाही. नाक कापण्याची शिक्षा त्या काळी एकाच दरबारात होत नव्हती, म्हणून तर नाक बसवणारे कारागीर होते.)

पत्रासोबत चित्र होतं. पुण्यात राहणारा चित्रकार जेम्स वेल्स याच्या चित्रावरून केलेलं. नवं नाक बसलेला, फेटा बांधलेला कावसजी, आणि बाजूला कातडी कशी कापली, कशी वळवली याच्या आकृत्या. आजच्या भाषेत ही ऑपरेशनची पहिली प्रसारित नोंद म्हणायला हरकत नाही. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जननं तिच्यावरून प्रेतांवर सराव केला, १८१४ मध्ये एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यावर तेच ऑपरेशन केलं आणि १८१६ मध्ये त्याचं पुस्तक काढलं. तिथून ही रीत युरोपभर गेली. म्हणजे ऑपरेशनची नोंद खुली करण्याचा फायदा काय असतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. ते चित्र कुणी पेटीत कुलूपबंद ठेवलं असतं तर कितीतरी माणसं नाकावाचून मेली असती.

पण त्या पत्रात कुणाकुणाची नावं आहेत ते बघा. ऑपरेशन डोळ्यांनी पाहणारे कंपनीचे दोन डॉक्टर, क्रुसो आणि फिंडले, यांची नावं आहेत. रुग्णाचं नाव आहे, तेही साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं; मराठा शेतकऱ्याचं नाव कावसजी कसं, हे कोडंच आहे. ज्यानं सुरी धरली त्याचं नाव नाही. तो फक्त एका जातीचा माणूस. आणि कावसजीला, तुझा चेहरा लंडनला छापणार आहोत, हे कुणी विचारलं असेल का? तो कंपनीचा पेन्शनर होता. पेन्शनर माणूस साहेबाला नाही म्हणत नाही. फॉर्मवर सही करताना अम्मीनं डॉक्टरांना जसं काही विचारलं नाही, तसंच काहीसं.

त्यानंतर शंभर वर्षांनी कॅमेरा ऑपरेशन थिएटरात शिरला. १८९८ मध्ये पॅरिसचा सर्जन युजीन दोयां यानं स्वतःची ऑपरेशनं फिल्मवर घ्यायला सुरुवात केली. सिनेमाचा जन्म होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. त्याच वर्षी एडिंबरोला डॉक्टरांच्या परिषदेत त्यानं त्या चित्रफिती दाखवल्या. दोयां हा बढाईखोर म्हणून प्रसिद्ध होता, पण त्याची एक कबुली मला प्रामाणिक वाटते. स्वतःला पडद्यावर बघितल्यावर, जे आपण नीट करतो असं वाटत होतं त्यात किती चुका आणि किती फुकटच्या हालचाली आहेत हे त्याला कळलं, आणि त्यानं आपली पद्धत सुधारली. आज संशोधक हजारो व्हिडिओ जमवून जे करतात त्याचं बीज यात आहे.

दोयांची सर्वांत गाजलेली चित्रफीत १९०२ सालची. त्यात दोन मुली आहेत, ओरिसातल्या, छातीशी एकमेकींना जोडलेल्या जुळ्या बहिणी. फ्रेंच कागदांत त्यांची नावं रादिका आणि दूदिका अशी येतात. पहिलीचं खरं नाव राधिका असावं. लहानपणीच त्यांना युरोपात नेऊन तंबूत तिकीट लावून दाखवलं जात होतं, पुढे त्या बार्नम अँड बेलीच्या सर्कशीत होत्या. दूदिकाला क्षय झाला. निदान एक तरी वाचावी म्हणून फेब्रुवारी १९०२ मध्ये दोयांनं त्यांना वेगळं केलं आणि समोर कॅमेरा चालू ठेवला. दूदिका थोड्याच दिवसांत गेली. राधिका पुढच्या वर्षी गेली, त्याच क्षयानं. दोघींचं वय तेव्हा जेमतेम तेरा-चौदा.

दोयांचा कॅमेरा चालवणाऱ्यांत पार्नालां नावाचा माणूस होता. त्यानं दोयांच्या चित्रफितींच्या प्रती परस्पर विकल्या आणि त्या जत्रांतल्या तंबूंत पोचल्या. डॉक्टरांसाठी केलेलं चित्रण लोक चार पैसे देऊन तमाशासारखं पाहू लागले. आधीच नाराज असलेल्या पॅरिसच्या डॉक्टरमंडळींना आयतं निमित्त मिळालं. दोयां कोर्टात गेला. १९०५ मध्ये निकाल लागला तो त्याच्या बाजूनं. चित्रफितीचा कर्ता दोयां, कारण विषय त्याचा, मांडणी त्याची. कॅमेऱ्याचा दांडा फिरवणारा नुसता मदतनीस. सिनेमाच्या कॉपीराइटच्या इतिहासात हा निकाल अजून सांगितला जातो. चित्रपटाचा लेखक कोण या प्रश्नाला कोर्टानं दिलेल्या अगदी सुरुवातीच्या उत्तरांपैकी हे एक, आणि ते आलं ऑपरेशनच्या व्हिडिओवरून!

मी या निकालाबद्दल वाचत होते तेव्हा मला सारखं वाटत होतं की आता कुणीतरी त्या बहिणींचं नाव काढेल. वाद दोघांत होता, सर्जन आणि कॅमेरावाला. तिसऱ्या पक्षाची खुर्ची कोर्टात नव्हतीच. बसायला तेव्हा कुणी जिवंतही नव्हतं. सर्कशीच्या तंबूत जी त्यांची गत होती, तीच मेल्यावर जत्रेच्या तंबूत झाली. दोयां मात्र स्वतःची बदनामी झाली म्हणून भरपाई मागत होता. त्याचा दावा खोटा होता असं मी म्हणत नाही. त्याच्या मेहनतीची चोरी झालीच होती.

पुढची ऐंशी वर्षं मी पटकन ओलांडते, कारण ऑपरेशनचं चित्रण होत राहिलं तरी ते मुद्दाम करावं लागे. कॅमेरा आणायचा, दिवे लावायचे. चित्र बदललं ते दुर्बिणीनं. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या लियाँचा फिलिप मूरे यानं पोटात कॅमेरा घालून पित्ताशय काढलं. १९८९ मध्ये बोर्दोचे जाक पेरिसा यांनी अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरी भरलेल्या सर्जनांच्या परिषदेत या ऑपरेशनचा व्हिडिओ दाखवला, आणि नंतर हे ऑपरेशन वणव्यासारखं पसरलं. भारतात ते पहिल्यांदा मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये केलं, सरकारी दवाखान्यातल्या गरीब रुग्णांसाठी. हे विसरू नये. खाजगी पंचतारांकित दवाखाने या धंद्यात नंतर आले.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सर्जन स्वतःच पडद्याकडे बघून काम करतो. त्यामुळे चित्रण वेगळं करावं लागत नाही, ते झालेलंच असतं, फक्त एक बटण दाबून साठवायचं. आणि त्या चित्रात चेहरा नसतो. कावसजीला चेहरा होता, राधिका-दूदिकाला चेहरा होता. अम्मीच्या व्हिडिओत गुलाबी-पिवळं मांस, धूर आणि चिमट्याची दोन टोकं. चेहरा गेला आणि त्याच्याबरोबर परवानगीचा प्रश्नही गेला, असं जगभरच्या नियमांनी ठरवून टाकलं. इंग्लंडच्या मेडिकल कौन्सिलच्या सूचना सांगतात की दुर्बिणीतून घेतलेली आतल्या अवयवांची चित्रं ओळख काढून टाकून वापरायची असतील तर वेगळी संमती नको. आपल्याकडे डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. त्यात लिहिलंय की रुग्ण ओळखू येईल अशा रीतीनं फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय छापू नये. ओळख उघड होत नसेल तर परवानगीची गरज नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम निघाले होते, त्याच महिन्यात ते स्थगितही झाले. जुनेच चालू राहिले.

त्याच २००२ च्या नियमांत असंही आहे की रुग्णानं कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावीत. मला हे आधी माहीत असतं तर काउंटरवर वेगळ्या आवाजात बोलले असते. पण त्या नियमात व्हिडिओ असा शब्द नाही. एक्स-रे आपल्याला मिळतो, सोनोग्राफीचा कागद मिळतो, खडेसुद्धा मिळतात. व्हिडिओ अधांतरी. कॉपीराइट कायदा (१९५७) बघायला जावं, तर चित्रफितीचा कर्ता तिचा निर्माता, आणि निर्माता म्हणजे ती बनवण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. दवाखाना म्हणेल मी, सर्जन म्हणेल मी. दोयां आणि पार्नालांच्याच जागा, फक्त माणसं बदललेली. आणि २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा संशोधनाला सूट देतो, फक्त त्या माहितीवरून त्याच व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जाऊ नये आणि सरकारनं ठरवलेले निकष पाळले जावेत, एवढी अट आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी या चित्रणाच्या विरोधात आहे. उलट आहे. हे व्हिडिओ संशोधकांना मिळाले नसते तर काय झालं असतं, त्याचे दोनच दाखले देते. दुर्बिणीनं पित्ताशय काढताना कधी कधी चुकून मुख्य पित्तनळीच कापली जाते. रुग्ण जन्माचा अधू होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २५२ घटना तपासल्या. ऑपरेशनच्या नोंदी आणि काहींचे व्हिडिओ. २००३ मध्ये त्यांनी लिहिलं की ९७ टक्के घटनांत हात चुकला नव्हता, डोळा फसला होता. सर्जनला ती दुसरीच, कापायची नळी वाटली होती, आणि खात्रीनं वाटली होती. चूक करणाऱ्याला चूक होतेय हे जाणवतच नव्हतं. त्यानं लिहिलेल्या कागदावर म्हणून सगळं सुरळीतच असणार. खरं काय झालं ते व्हिडिओच सांगतो.

दुसरा दाखला २०१३ चा, मिशिगनचा. वजन कमी करण्याचं ऑपरेशन करणाऱ्या २० सर्जननी स्वतः निवडून आपला एकेक व्हिडिओ दिला. नावं झाकून ते इतर सर्जनना दाखवले आणि गुण द्यायला सांगितले. ज्यांचे गुण सर्वांत कमी, त्यांच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के, सर्वांत जास्त गुणवाल्यांच्या रुग्णांत ५.२. आपला चांगला व्हिडिओ निवडून दिला होता, तरी फरक लपला नाही. आमच्या शाळेत तपासणीला साहेब येणार म्हटलं की आम्हीही चांगली वही पुढे ठेवतो, म्हणून मला याचं जास्तच हसू आलं.

आता हे बघण्याचं काम यंत्रालाही शिकवतात. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी पित्ताशयाच्या ८० ऑपरेशनांचे व्हिडिओ जमवून, प्रत्येक क्षणी ऑपरेशन कुठल्या टप्प्यात आहे याच्या खुणा करून, जगभरच्या संशोधकांना वापरायला दिले. त्याला 'कोलेक८०' म्हणतात. व्यापारासाठी वापर करायचा नाही ही अट. उघडपणे वाटलं म्हणून त्यावर कितीतरी देशांत काम झालं. त्याच्या वर्णनात लिहिलंय की ही ऑपरेशनं १३ सर्जननी केली. रुग्णांचा उल्लेख शोधावा लागतो. वाईट हेतूनं नाही, सवयीनं. १७९४ च्या त्या पत्रात सुरी धरणाऱ्याचं नाव नव्हतं. आता सुरी धरणारे मोजले जातात आणि झोपलेले मोजायचे राहतात.

चेहरा नाही हे तरी पूर्ण खरं आहे का? दुर्बीण धुरकट झाली की पोटातून बाहेर काढून पुसतात, तेव्हा कॅमेरा चालूच असतो. खोली दिसते, नर्स दिसते, कधी रुग्णही. पडद्याच्या कोपऱ्यात नाव आणि तारीख असू शकते. हे क्षण शोधून पुसायला संशोधकांना वेगळं सॉफ्टवेअर बनवावं लागलं. अम्मीची शंका मी अडाणीपणात काढली होती, तिच्यात तथ्य होतं. पडदा करणाऱ्या बाईला, तुझा चेहरा दिसत नाही, एवढं सांगून भागत नाही. कोण बघणार हे तिला आधी कळायला हवं. हे फक्त आमच्या घरातलं नाही. आमच्या शाळेतल्या एका मराठी बाईंना मी विचारलं तर त्याही म्हणाल्या, विचारलं असतं तर दिला असता गं, पण विचारायला नको का?

आमच्याकडे अमानत म्हणून एक शब्द आहे. मराठीत अनामत झाला तो, पण त्यात फक्त पैसा उरला. अमानत ठेवणारा आणि सांभाळणारा वेगळे असतात. सांभाळणारा ती वापरू शकतो, ठेवणाऱ्याच्या मर्जीनं. आणि मागितल्यावर, ती पुसली गेली, असं म्हणू शकत नाही. दवाखान्यात साठवलेल्या व्हिडिओला मालमत्तेपेक्षा हा शब्द जास्त बसतो असं मला वाटतं. डॉक्टरांची एक भीती खरी आहे: प्रत दिली की उद्या ती कोर्टात येईल, मग कुणी रेकॉर्डच करणार नाही, आणि संशोधनाचं नुकसान होईल. एका डॉक्टर नातेवाइकानं मला हे तोंडावर सांगितलं. माझ्याकडे त्याला पुरं उत्तर नाही. पण रुग्णाला द्यायला भीतीचा आणि परिषदेत दाखवायला अभिमानाचा, असा एकच व्हिडिओ दोन्ही कसा असेल, हे मी त्याला विचारलं. तोही गप्प बसला.

अम्मीच्या कळांचं कारण सापडलं. एक खडा नळीत राहून गेला होता. तोंडातून दुर्बीण घालून तो काढला, पोट कापावं लागलं नाही. व्हिडिओ मिळाला असता तर हे लवकर कळलं असतं का? दुसरे डॉक्टर म्हणाले, कदाचित नाही. त्या दिवशी पुन्हा फॉर्म आला, पुन्हा इंग्रजीत, पुन्हा तशीच एक ओळ. मी ती अम्मीला दखनीत वाचून दाखवली. ती म्हणाली, दिखाव बोल, डॉक्टर पोरा-पोरियां शिकने दे, पन एक हमना भी देना बोल. मी त्या ओळीशेजारी मराठीत लिहिलं: चित्रणास संमती आहे, एक प्रत रुग्णास मिळावी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडम, यासाठी फॉर्ममध्ये जागा नाहीये. मग तिनं जरा विचार केला आणि फॉर्म तसाच फाईलला लावला.

प्रत अजून आलेली नाही. अठरावा खडा डबीत आहे.